नजरचूक

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्ही दोघंही बरे असाल. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी हे पत्र पोचेपर्यंत तो राग निवलेला असेल, तेवढं तुझं मला ठाऊक आहे.

इकडचं सगळं रोजच्यासारखं. दुकानाच्या दर्शनी काचेला कोपऱ्यात तडा गेला होता, ती बदलून घेतली. भिंगं घासायच्या चाकाचा पट्टा तुटला, तो बदलायला चार दिवस गेले. समोरच्या गल्लीतले भूमितीचे मास्तर आठवतात? ते वर्षभरात तिसऱ्यांदा स्वतःच्या चष्म्यावर बसले. म्हणाले, "काड्या जरा लोखंडाच्या घाला." मी म्हटलं, "मास्तर, चष्मा डोळ्यांवर ठेवायचा असतो, खुर्चीवर नाही." हसले, आणि जाताना विचारलंच, "धाकटी कशी आहे? तिने केलेला चष्मा मला सात वर्षं गेला होता."

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. अजून लोक विचारतात. मी सांगते, मजेत आहे.

गुडघा दुखतो, पण चालतं.

कोर्टाचं विचारलं आहेस. थोडक्यात सांगते. बाबा गेल्यावर मी दावा लावला होता की दुकान माझं धरावं, कारण बाबांच्या हाताखाली आणि बाबांनंतर मिळून बावीस वर्षं ते मीच ओढलं. दादा त्याच्या ऑफिसात आणि तू तिकडे. त्या वेळी तुला समन्स आलं होतं, तू सही करून घेतलंस आणि कोर्टात आली नाहीस. तुझी मर्जी. दादा मात्र आला, वकील घेऊन. शेवटी खालच्या कोर्टाने सांगितलं, दुकान तिघांचं, सारखे तीन हिस्से. मी वरच्या कोर्टात अपील केलं आहे. मुदत संपायला दोनच दिवस होते, त्यामुळे धावपळ झाली. वकीलसाहेबांनी सांगितलं, "पक्षकारांची यादी तुम्हीच स्वच्छ अक्षरात लिहून द्या, कोण कोण ते तुम्हाला माहीत." मी लिहून दिली, त्यांच्या टायपिस्टबाईंनी टाईप केली, झालं काम.

तुला या वेळी कागदबिगद काही येणार नाहीत. तुला उगाच त्रास कशाला? तुझं बाबांशी जे झालं त्यानंतर तुला या दुकानाचं नावही नको असणार, हे मी समजू शकते.

निकालपत्रात बाबांबद्दल काही आहे का, असं तू विचारलं आहेस. अगं, निकालपत्र म्हणजे बावीस पानं. साक्षी, तारखा, कलमं. त्यात बाबा कुठले असणार? मागवून वाचत बसू नकोस, डोकं दुखेल.

दादा-वहिनी ठीक असावेत. आम्ही बोलत नाही. दुकानाच्या पाटीवर बाबांच्या नावाखाली मी माझं नाव घातलं, तेव्हापासून तो माझ्या दारासमोरून गेला तरी मान वळवत नाही. एवढ्याशा गोष्टीचं माणसं किती मनाला लावून घेतात.

तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग. थंडीत कान झाकून हिंडत जा.

तुझीच,
ताई


दि. २२ जुलै

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. तू आता त्या मोठ्या कारखान्यात भिंगविभागाची प्रमुख झालीस हे वाचून आनंद झाला. हाताखाली अकरा माणसं! फोटोत पांढऱ्या कोटात रुबाबदार दिसतेस. केस बारीक कापलेस ते मात्र मला आवडले नाहीत. तो फोटो मी टेबलाच्या खणात ठेवला आहे. बाहेर ठेवला असता, पण दुकानात धूळ फार.

अकरा माणसांना तू काय शिकवतेस गं? तुला तर कधी कुणाला सांगताच यायचं नाही. बाबा विचारायचे, "हे कसं केलंस?" आणि तू म्हणायचीस, "झालं आपोआप." मी शेजारी बसून वहीत टिपून घ्यायची. असो.

एक काम आहे, म्हणून लगेच लिहिते आहे. अपिलात घोटाळा झाला आहे. पहिल्याच तारखेला दादाचे वकील उठले आणि म्हणाले, या अपिलात एक आवश्यक पक्षकार नाही, सबब ते चालू शकत नाही. आवश्यक पक्षकार म्हणजे तू. यादीत तुझं नाव राहून गेलं आहे. टायपिंगमध्ये वगैरे राहिलं असावं. घाई होती ना.

मला वाटलं, एवढंच ना, आता घालू. पण वकीलसाहेबांनी मला समोर बसवून समजावलं. ते म्हणाले, "बाई, हुकूमनामा तुमच्या भावाच्या आणि बहिणीच्या, दोघांच्याही बाजूने झालाय. तुम्ही अपिलात एकट्या भावाला आणलंत. म्हणजे बहिणीपुरता खालचा निकाल कायम झाला. आता समजा वरच्या कोर्टाने सांगितलं, दुकान सगळं तुमचं. मग बहिणीचा तिसरा हिस्सा जाणार कुठे? एकाच दुकानाचे दोन निकाल, एकमेकांच्या तोंडावर उभे! असं कोर्ट होऊ देत नाही. जिच्यावाचून निकाल देता येत नाही, तिला बोलवा, नाहीतर अपील घेऊन घरी जा."

आणि मुदत केव्हाच संपून गेली आहे. आता तुला आत घ्यायचं तर अर्ज करायचा, आणि सोबत माझं प्रतिज्ञापत्र, नाव का राहिलं याचं कारण सांगणारं. कारण पटलं तर कोर्ट परवानगी देतं. वकीलसाहेबांनी मजकूर करून ठेवला आहे: "टंकलेखन करताना नजरचुकीने सदर नाव राहून गेले." सही तेवढी माझी बाकी आहे.

तेव्हा तुला कदाचित कोर्टाची नोटीस येईल. तू फक्त पोच म्हणून सही कर. बरोबर कागदांचा गठ्ठा असेल, खालच्या निकालाची प्रतसुद्धा असेल. तो वाचत बसू नकोस. खरंच. सगळं शिळं झालेलं आहे, तुला उगाच जुनं आठवेल. मला वाटतं तू तो गठ्ठा न उघडताच परत माझ्याकडे पाठवून दे, मी नीट लावून ठेवीन.

बिचाऱ्या टायपिस्टबाईंना मात्र बोलणी खावी लागली. वकीलसाहेबांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाई तिथे कपाटामागे बसतात. साहेब माझ्यादेखतच ओरडले, "तीस वर्षं झाली, आता बाईंची नजर गेली. एक तारखेपासून दुसरं कुणीतरी बघतो." बाई फक्त "हो साहेब" म्हणाल्या. चष्मा काढून रुमालाने पुसत राहिल्या. तो चष्मा आपल्याच दुकानातला आहे. मीच केलेला.

तूर्त इतकंच. गुडघा तसाच आहे.

तुझीच,
ताई


दि. ९ नोव्हेंबर

भिंगरी,

तू ऑगस्टमध्ये एका ओळीचं पत्र पाठवलंस: "ताई, त्या गठ्ठ्यात काय आहे?" तीन महिने ते माझ्या टेबलावर आहे. ते मी खणात ठेवलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव.

सांगते. पण मला माझ्या पद्धतीने, क्रमाने सांगू दे, नाहीतर मी मध्येच कुठेतरी पळ काढीन.

नाव राहिलं नव्हतं. मी गाळलं होतं.

यादी लिहायला बसले तेव्हा वर माझं नाव लिहिलं, खाली दादाचं. मग तुझं लिहायला पेन टेकवलं आणि नाही लिहिलं. पेनातली शाई संपली, कुणी हाक मारली, असलं काही झालं नाही. शांतपणे टोपण लावलं आणि कागद टायपिस्टबाईंना नेऊन दिला. त्यांनी खालच्या कोर्टाचा हुकूमनामा शेजारी ठेवून ताडून पाहिलं आणि मला विचारलंसुद्धा, "ताई, तिकडे प्रतिवादी दोन आहेत, इथे एकच कसा?" मी म्हटलं, "धाकटीने हक्क सोडलाय. तिला आणायची गरज नाही. साहेबांना माहीत आहे." साहेबांना काही माहीत नव्हतं. त्यांनी घाईघाईत सह्या केल्या आणि अपील दाखल झालं.

मला माहीत नव्हतं की एका नावावाचून सगळं अपीलच कोसळतं. पण माहीत असतं तरी मी ते गाळलं असतं, असं मला आता वाटतं.

का, ते सांगते. खालच्या कोर्टात दादाने बाबांची कामाची वही आणली होती. ती वही त्याच्याकडे कशी गेली कोण जाणे. बाबा रोजची कामं तिच्यात लिहायचे, कोणाचा चष्मा, कुठला नंबर, कोणी घासला, कसा झाला. बाबा जायच्या चार-एक महिने आधीचं एक पान. वर माझं काम होतं. बंदरावरच्या एका खलाशाचा चष्मा, उणे सोळाचा, आडवा नंबर वेगळा, कड जाड. मी नऊ दिवस त्याच्यावर होते. तुला सांगते, इतकं नीट काम मी जन्मात केलं नव्हतं. त्यापुढे बाबांनी लिहिलं होतं, "ठीक."

आणि त्याच पानावर खाली, दुसऱ्या पेनाने, जे लिहिलं होतं ते न्यायाधीशबाईंनी निकाल देताना मोठ्याने वाचलं. निकालपत्रात ते चौदाव्या परिच्छेदात आहे. मला पाठ आहे. तू एकटी असशील तेव्हा वाच:

"धाकटीला तोडून बोललो, चूक माझी. यंत्रावर भिंगं घासणाऱ्या दुकानात गेली म्हणून हात विकलास म्हणालो. तिचा हात विकला जाणारा नव्हता. तो माझ्याहून चांगला. जे मला शिकवता आलं नसतं ते तिला आपसूक येतं. खिडकीजवळची जागा तिची. मोठी आहे म्हणून दुकान आहे. मुलालाही वाटा हवा. दुकान तिघांचं."

न्यायाधीशबाईंनी वाचून झाल्यावर चष्म्यावरून समोर पाहिलं आणि विचारलं, "धाकटी आलीय का?" दादाचे वकील म्हणाले, "हजर नाही." सगळं कोर्ट तुला शोधल्यासारखं मागे वळून पाहत होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते गं. मी हजर होते.

त्या खिडकीजवळ गेली अकरा वर्षं मी बसते आहे. तू गेलीस त्याच दुपारी मी माझं स्टूल तिकडे सरकवलं. बाबा काही बोलले नाहीत, मला वाटलं त्यांनी ती जागा मला दिली. त्या दिवशी तू रडत गेलीस आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी चार भिंगं एका बैठकीत घासली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू लहानपणापासून माझ्यापुढेच होतीस असं नाही. अभ्यासात मी पुढे, कामात मी नेटकी, सकाळी दुकान उघडणारी मी. तू उशिरा यायचीस, भिंग हातात घेऊन खिडकीशी धरायचीस, गप्पा मारत मारत चाकाला लावायचीस, आणि ते असं उतरायचं की बाबा दोनदा पुसून बघायचे. आणि मग हसायचे. मी केलेलं भिंग ते तपासायचे. तू केलेलं ते बघायचे. दोन्हीतला फरक मला बारा वर्षांची असल्यापासून कळतो. बाबांनी तुला भिंगरी हे नाव ठेवलं ते तू एका जागी बसत नाहीस म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. मला नेहमी वाटायचं त्यात भिंग आहे. मला ते काही म्हणायचे नाहीत. मी मोठी.

तुला अपिलात घेतलं तर तुला नोटीस जाणार, सोबत निकालाची प्रत जाणार, आणि तू चौदावा परिच्छेद वाचणार. तू आजपर्यंत समजतेस की बाबा तुझ्यावर रागावलेलेच गेले. तू मला दोनदा विचारलंस, शेवटी माझं नाव काढलं का? पहिल्यांदा मी नाही म्हटलं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा, फेब्रुवारीत, मला सगळं ठाऊक होतं. मी तुला लिहिलं, त्यात बाबा कुठले असणार.

हिस्सा मी तुला दिला असता गं. दुकान दिलं असतं. ते एक वाक्य देववत नव्हतं.

आता टायपिस्टबाईंचं. प्रतिज्ञापत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या. पाच वाजता, ऑफिस सुटल्यावर. स्टुलावर बसल्या आणि डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ताई, जरा नजर तपासता का? मला वाटतं मी तुम्हाला त्या दिवशी दुसऱ्या नावाचं विचारलं होतं. पण साहेब म्हणतात राहिलं, म्हणजे राहिलंच असेल. हल्ली मला माझाच भरवसा वाटेना झालाय. घरी भाजी निवडतानाही मी दोनदा बघते."

मी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. त्यांनी सगळ्यांत खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मी मुद्दाम भिंगं बदलून पाहिली, कुठेतरी नंबर सरकलेला सापडावा म्हणून. अगं, मी देवाची प्रार्थना करत होते की या बाईची नजर थोडी तरी अधू निघू दे. काही निघालं नाही. चष्मा तंतोतंत होता, मीच केलेला. तीस वर्षं टाईप करून त्या बाईची नजर शाबूत होती आणि मी तिला स्वतःवर संशय घ्यायला लावलं होतं.

त्या म्हणाल्या, "काय निघालं?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

त्यांनी चष्मा घातला, डबी पिशवीत टाकली, आणि दारातून म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते." बस, इतकंच. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या समोर, बाईंच्या देखत, मी सगळं सांगितलं. साहेब टक्कल खाजवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे कारण काय लिहू? हेव्यापोटी नाव वगळले? बाई, पस्तीस वर्षांत मी आजारपण लिहिलं, रस्ता वाहून गेला लिहिलं, कागद उंदरांनी खाल्ले लिहिलं. हे कधी नाही लिहिलं. असं लिहिलंत की अपील मेलंच म्हणून समजा."

मी म्हटलं, "मरू दे."

"विचार करा. नजरचूक लिहिलं तर कदाचित तरेल. बाईंची नोकरी मी काढणार नाही, शब्द देतो."

कपाटामागून बाईंचा आवाज आला, "साहेब, कागद लावलाय मशीनला. काय टाईप करू तेवढं सांगा." भिंगरी, मी त्यांना स्वतः मजकूर सांगितला. "सदर प्रतिवादी ही माझी सख्खी धाकटी बहीण असून तिचे नाव मी स्वतः जाणूनबुजून यादीत लिहिले नाही. यात टंकलेखकाची अथवा वकिलांची कोणतीही चूक नाही." बाईंनी शब्दही न चुकता टाईप केलं, आणि कागद काढून देताना पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

सुनावणी ऑक्टोबरात झाली. वरचे न्यायाधीश वयस्कर, ऐकायला जरा कमी येतं त्यांना, त्यामुळे वकीलसाहेबांना माझं प्रतिज्ञापत्र दोनदा, दुसऱ्यांदा ओरडून वाचावं लागलं. तेवढी शिक्षा मला पुरेशी होती. न्यायाधीश म्हणाले, "प्रामाणिक आहे, पण हे सबळ कारण नव्हे." पाच मिनिटांत अपील फेटाळलं. खालचा निकाल आता कायमचा. दुकान तिघांचं.

बाहेर जिन्यावर दादा उभा होता. चार वर्षांनी माझ्याशी बोलला. म्हणाला, "मला वाटायचं तू माझ्याशी भांडते आहेस."

"तुझ्याशी काय भांडायचंय," मी म्हटलं.

तो कठड्याला टेकला. म्हातारा दिसायला लागला आहे गं, कानावरचे केस पांढरे झालेत. "मी ती वही कोर्टात का आणली ठाऊक आहे? तू पाटीवर एकटीचं नाव घातलंस म्हणून. मला दुकानात काय कळतं? मला फक्त कुणीतरी लिहिलेलं हवं होतं की मीही त्या घरातला आहे." मग म्हणाला, "पण त्या पानावर तुझ्याबद्दलही आहे. मोठी आहे म्हणून दुकान आहे. ते वाचलंस ना?"

"वाचलं होतं, दादा," मी म्हटलं. "पुरलं नाही."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. चहा घेतला. त्याने विचारलं, धाकटीला कोण कळवणार? मी म्हटलं, मी. कोर्टाचा कागद तुझ्या हाती पडायच्या आत हे माझ्या अक्षरात पडायला हवं होतं. तरी तीन आठवडे लागले.

या पत्रासोबत वहीच्या त्या पानाची प्रत आहे. निकालपत्रातलं टाईप केलेलं वाक्य तुला मी वर लिहून दिलं, पण बाबांचं अक्षर तू स्वतः बघ. "आपसूक" लिहिताना त्यांनी एकदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. तो शब्द त्यांना नीट हवा होता.

क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मागितली तर ती सहज मिळून जाईल अशी मला भीती वाटते. तू पटकन "जाऊ दे गं ताई" म्हणशील, आणि क्षमा करणंही तुला आपसूक येतं म्हणून मला पुन्हा राग येईल. म्हणून इतक्यात काही म्हणू नकोस. मी मनातून बदलले आहे असं समजू नकोस. परवा भूमितीच्या मास्तरांनी पुन्हा तुझी चौकशी केली आणि मला तसंच झोंबलं, जसं नेहमी झोंबतं. फरक एवढाच की या वेळी मी त्यांना तुझा पांढऱ्या कोटातला फोटो दाखवला. ते म्हणाले, "वा!" मी म्हटलं, "हो."

आता कामाचं. मागच्या महिन्यात एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या डाव्या डोळ्याचं बुबुळ शंकूसारखं पुढे आलं आहे, सुईत दोरा ओवता येत नाही. मोठ्या दुकानांनी तिला परत पाठवलं. मी दोन भिंगं घासली. पहिलं तिला लावलं तर सरळ रेघ वाकडी दिसायची. दुसरं कडा घासण्यापर्यंत आलं आणि माझ्या हातात तडकलं. माझ्या वहीत यावर काही नाही, कारण बाबा तसलं काम तुलाच द्यायचे आणि तुला विचारलं की म्हणायचीस, झालं आपोआप. मला हे येत नाही, भिंगरी. हे वाक्य लिहायला मला वरच्या सगळ्या पत्राहून जास्त वेळ लागला.

त्या बाईला मी सांगितलं आहे की माझी धाकटी बहीण करून देईल, या दुकानात तिचाही वाटा आहे. तिने विचारलं, कधी? मी म्हटलं, पत्र टाकते.

माझं स्टूल मी मागच्या टेबलाशी हलवलं आहे. तिथे उजेड कमी आहे आणि मी दिवसभर कुरकुरते. आलीस तर पहिले काही दिवस तुझ्याशी धड बोलणार नाही, तुझ्या कापलेल्या केसांना नावं ठेवीन, तू केलेलं भिंग मुद्दाम तपासायला घेईन. ते तू मला करू दे.

अजून पुरती तुझी न झालेली,
ताई